अकरा महिन्यांचे बाळ ठणठणीत दिसत असताना हायड्रॉक्सियुरिया का सुरू करायचे?

चंद्रपूर जिल्ह्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी अकरा महिन्यांची आहे, वजन आठ किलो, अंगाने बरी, दिवसभर खेळती. आरोग्य उपकेंद्रात केलेली सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी केली, तर तिच्यात सिकलसेलचे एस हिमोग्लोबिन ६८ टक्के, एफ २७ टक्के आणि ए२ अडीच टक्के निघाले. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे एक नेहमीचे (ए) आणि एक सिकलसेलचे (एस) जनुक असलेल्या एएस पॅटर्नचे आहेत. बालरोगतज्ज्ञांनी हायड्रॉक्सियुरिया रोज द्यायला सांगितले. पण औषध आणायला गेल्यावर दुकानदाराने ‘हे तर कॅन्सरचे औषध’ असे म्हटले आणि तेव्हापासून पाकीट न फोडता कपाटात पडून आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की हसत्याखेळत्या लेकराला एवढे जहाल औषध कशाला. एका शिकलेल्या नातेवाइकाने भारतातला सिकलसेल सौम्य असतो असेही सांगितले आहे. शेवटी ताईंनी पुढच्या मुलाबद्दल विचारले आहे.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि विदर्भातील सिकलसेल असलेल्या मुलांच्या दीर्घकालीन पाठपुराव्यावर संशोधन करते, त्यामुळे हा प्रश्न मला बाह्यरुग्ण विभागात वेगवेगळ्या शब्दांत नेहमी ऐकू येतो. माझ्या मते त्यातला खरा प्रश्न औषध जहाल आहे की नाही हा नाही. आज बाळ ठणठणीत का आहे आणि ते कारण किती दिवस टिकणार आहे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तुमच्या हातातल्या एचपीएलसीच्या कागदावरच छापलेले आहे.

आधी तो कागद नीट वाचू. सोल्युबिलिटी चाचणी रक्तात एस हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगू शकत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती चुकून निगेटिव्हही येते. म्हणून एचपीएलसी लागते. वाहक व्यक्तीच्या रक्तात नेहमीचे ए हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असते आणि एस साधारण ३५ ते ४० टक्के. तुमच्या मुलीच्या अहवालात ए जवळपास नाहीच. बाळाला अलीकडे रक्त चढवलेले नसेल आणि आई-वडील दोघांच्याही अहवालात एस असेल, तर हा दोन्ही जनुके एसची असलेला एसएस पॅटर्न आहे, म्हणजे ती वाहक नसून रुग्ण आहे. दोघांपैकी एकाच्या अहवालात एसऐवजी ए२ (प्रौढांत थोडे आढळणारे हिमोग्लोबिन) साडेतीन टक्क्यांहून जास्त निघाले असते, तर सिकल-बीटा थॅलेसिमिया, म्हणजे एकीकडून सिकलसेलचे आणि दुसरीकडून थॅलेसिमियाचे जनुक आलेला जोड-आजार असण्याची शक्यता तपासावी लागली असती. उपचार बहुतेक तेच राहिले असते, पण पुढच्या गर्भारपणातल्या तपासणीची दिशा बदलली असती. तुमच्या बाबतीत तो प्रश्न दिसत नाही.

आता त्या २७ टक्के एफकडे या. एफ म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन. प्रौढ हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचे बनते. गर्भाचे हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्यांचे असते. सिकलसेलमधला दोष फक्त बीटा साखळीत आहे, तोही तिच्यातल्या सहाव्या जागी: तिथे ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बसते, एवढाच. पण त्या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडून दिल्यावर एस हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि सामान्य पेशीच्या चार महिन्यांच्या तुलनेत काही आठवड्यांतच फुटते. गॅमा साखळीत हा दोष नसतो. त्यामुळे ज्या पेशीत एफ भरपूर आहे तिच्यात काड्या सहज वाढत नाहीत. दोर वळताना मध्ये न जुळणारा धागा आला की पीळ तिथेच सुटावा, तसे एफ त्या साखळीत अडथळा आणते.

ही गोष्ट लहान मुलांकडे बारकाईने पाहणाऱ्या एका डॉक्टरांमुळे पुढे आली. न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवले की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच कमी असतात, आणि त्याचे श्रेय त्यांनी गर्भाच्या हिमोग्लोबिनला दिले. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतलाच दोष आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले ते त्यानंतरच्या वर्षी. जन्मतः बाळाच्या रक्तात एफ साधारण ७० ते ८० टक्के असते आणि मग ते उतरू लागते. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने इतर बाळांसारखेच दिसते, आणि हातापायांची बोटे सुजून ते कळवळून रडण्याचा पहिला प्रसंग बहुधा सहा महिने ते दोन वर्षे या वयात येतो. तुमची मुलगी आज ज्यामुळे हसतीखेळती आहे ते हेच एफ आहे, आणि ते अजून उतरणार आहे.

हायड्रॉक्सियुरियाचा सगळा हेतू या उताराला आवर घालण्याचा आहे. ते औषध एफ तयार होण्याला चालना देते, पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांचा चिकटपणा कमी करते आणि तांबड्या पेशीचा आकार थोडा वाढवते. त्याने आजार मुळापासून जात नाही; बाळाला मिळालेले नैसर्गिक संरक्षण जास्तीत जास्त टिकवण्याचा तो प्रयत्न आहे. म्हणून ‘त्रास सुरू झाल्यावर बघू’ हा विचार मला इथे पटत नाही. त्रास सुरू होण्याआधी पाणथरी (प्लीहा) आणि मूत्रपिंड यांच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान गुपचूप सुरू झालेले असते, आणि ते आईला दिसत नाही, डॉक्टरलाही केवळ पाहून दिसत नाही.

पुरावा काय आहे, तेही सांगायला हवे. अमेरिका आणि कॅनडात प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. नंतर ९ ते १८ महिन्यांच्या १९३ बाळांवर ‘बेबी हग’ ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. या चाचणीत बाळे आजारी दिसतात की नाही हे न पाहता त्यांना सामावून घेतले होते, म्हणजे तुमच्या मुलीसारखी बाळेही तिच्यात होती. दोन वर्षांत औषध न मिळालेल्या गटात वेदनांचे ३७५ प्रसंग घडले, औषध मिळालेल्या गटात १७७. बोटे सुजण्याचे प्रसंग एकीकडे १२३ तर दुसरीकडे २४. मात्र पाणथरी आणि मूत्रपिंड वाचतात का, हा जो त्या चाचणीचा मूळ प्रश्न होता, त्याचे ठाम उत्तर तिच्यातून मिळाले नाही. मी पालकांना हेही सांगते, कारण औषधाकडून नेमकी कशाची आशा धरायची हे त्यांना कळायला हवे.

‘कॅन्सरचे औषध’ हे दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. हायड्रॉक्सियुरिया रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरले जाते. तिथे पेशींची वाढ दडपणे हाच उद्देश असतो. इथे मात्रा प्रति किलो वजनाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम आणि उद्देश एफ वाढवणे हा असतो. गेल्या तीन दशकांच्या वापरात या औषधामुळे सिकलसेलच्या मुलांत कॅन्सर वाढल्याचे किंवा वाढ खुंटल्याचे दिसलेले नाही. खरा आणि ठाऊक असलेला धोका आहे तो पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होण्याचा. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावीच लागते. पेशी ठरलेल्या पातळीखाली गेल्या तर औषध थांबवायचे आणि त्या वर आल्या की पुन्हा सुरू करायचे, एवढा साधा तो नियम आहे. ज्या घराला तपासणीसाठी नियमित येणे शक्य नाही तिथे मी हे औषध सुरू करण्याआधी तो प्रश्न सोडवते, कारण तपासणीशिवायचे हायड्रॉक्सियुरिया मला मान्य नाही.

मात्रेबद्दल मतभेद आहेत. पाश्चात्त्य पद्धतीत २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पेशी सोसतील तितकी मात्रा वाढवतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी वारंवार क्रायसिस (वेदनांचे झटके) होणाऱ्या मुलांवर १० मिलिग्रॅम या स्थिर मात्रेची चाचणी केली आणि २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. एवढ्या कमी मात्रेनेही वेदना, रक्त चढवणे आणि दाखल होणे हे सारे लक्षणीयरीत्या घटले. आपल्या मुलांत एफ मुळातच जास्त असल्यामुळे हे घडत असावे. गावातून येणाऱ्या, तपासणीला लांबून यावे लागणाऱ्या बाळाला मी सहसा कमी मात्रेने सुरुवात करते आणि गरज दिसली तरच वाढवते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी मात्रा लिहिली असेल तर ती चुकीची ठरत नाही. त्यांनी बाळाला तपासले आहे, मी नाही.

आता घरातली अडचण. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची आणि बाळाला द्यायचे आहेत, समजा, ८० मिलिग्रॅम. द्रवरूप औषध आता भारतात मिळू लागले आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी ते बहुधा नसते. तेव्हा मी पालकांना समोर बसवून दाखवते ते असे: एक कॅप्सूल वाटीत उघडायची, सिरिंजने मोजून १० मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी घालायचे, प्लॅस्टिकच्या चमच्याने ढवळायचे. आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध आले, म्हणजे ८० मिलिग्रॅमसाठी सुईविना सिरिंजमध्ये १.६ मिलिलिटर घ्यायचे आणि बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचे. उरलेले फेकायचे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाही. भुकटी उघड्या हाताने हाताळू नये. हातमोजे घालावेत, वाटी आणि चमचा वेगळा ठेवावा, आणि घरात गर्भवती किंवा गर्भधारणेचा विचार करणारी स्त्री असेल तर हे काम दुसऱ्या कोणी करावे. तुमच्या घरी ते बाळाच्या वडिलांनी शिकून घ्यावे असे मी सुचवेन. आकडे मात्र स्वतःच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. वजन वाढले की मात्राही बदलते.

सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा. औषध लागू पडते आहे का हे सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, या आकड्यात दिसते: औषध नियमित पोटात जात असेल तर काही महिन्यांत तो वर चढू लागतो. चालू केल्या दिवसाचा आणि तीन-चार महिन्यांनंतरचा कागद शेजारी ठेवून मी आजी-आजोबांना तो आकडा दाखवते. माझ्या अनुभवात बाळाची काळजी करणारी आजी पटले की औषधाच्या वेळा सर्वांत काटेकोर पाळते.

‘भारतातला सिकलसेल सौम्य’ या समजुतीला आधार आहे, पण तो अर्धवट आहे. आपल्याकडे हा दोष ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतो तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात आणि तिच्यात एफ जास्त राहते. ओडिशातील रुग्णांची जमैकातील रुग्णांशी तुलना केली तेव्हा हा फरक १९८० च्या दशकातच दिसला होता. काही आदिवासी समाजांत सोबतीला अल्फा थॅलेसिमियाही (अल्फा साखळ्या कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) पुष्कळ आढळतो आणि त्यानेही तीव्रता उतरते. पण नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील मुलांच्या अभ्यासांनी दाखवले की याच पार्श्वभूमीवर, २० टक्क्यांच्या आसपास एफ असूनही, अनेक मुलांना वारंवार क्रायसिस होतात, रक्त चढवावे लागते, छातीचे गंभीर आजार होतात. याचे एक कारण असे की २० टक्के ही सरासरी आहे; काही पेशींत एफ भरपूर असते आणि काहींत जवळपास नसते, आणि त्या दुसऱ्या पेशी वाकतातच. अकरा महिन्यांच्या वयात कोणते मूल सौम्य निघणार हे सांगता येत नाही. तुमची मुलगी त्या सौम्य गटात निघाली तर आनंदच आहे, पण तोवर मी तिला तसे गृहीत धरणार नाही.

औषधाइतक्याच महत्त्वाच्या दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नव्हत्या आणि त्या मला सांगितल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे ताप. सिकलसेलमध्ये पाणथरी लवकरच नीट काम करेनाशी होते आणि न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचे, एसएस पॅटर्न आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचे आणि अहवाल दाखवायचा. तुमच्या भागात त्याच वेळी मलेरियाचीही तपासणी व्हावी. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दोन वेळा तोंडाने पेनिसिलिन दिलेल्या मुलांत न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. आपल्या मुलांत या जंतूचा धोका नेमका तितकाच आहे का यावर तज्ज्ञांत चर्चा चालते, तरीही मी पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन देते, कारण धोका पत्करण्याची किंमत फार मोठी आहे. न्यूमोकोकसविरुद्धची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे तिन्ही डोस झाले आहेत का ते कार्डावर पाहा. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर न्यूमोकोकसची आणखी एक लस, आणि टायफॉइड व फ्लूच्या लसी डॉक्टरांशी बोलून घ्या.

दुसरी गोष्ट पाणथरीची. कधी कधी रक्त एकाएकी पाणथरीत साचते, ती काही तासांत फुगते आणि बाळ पांढरेफटक, मलूल पडते. जमैकात डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूने आयांना पाणथरी चाचपायला शिकवले आणि या कारणाने होणारे मृत्यू घटले. हे शिकणे अवघड नाही. बाळ शांत झोपलेले असताना, पोट भरलेले नसताना, डाव्या बाजूला बेंबीच्या पातळीपासून बोटे सपाट ठेवून हलकेच बरगडीकडे सरकवत न्यायची. टणक कडा लागली तर बरगडीपासून ती किती बोटे खाली आहे ते लक्षात ठेवायचे. डॉक्टरांकडून एकदा करून घ्या आणि आठवड्यातून एकदा घरी पाहा. आपल्या मुलांत पाणथरी मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहू शकते, त्यामुळे ती लागणे म्हणजे संकट नाही. एकदम वाढणे आणि त्याबरोबर बाळ फिके पडणे हे संकट आहे.

बाकीचे झटपट सांगते. फॉलिक ॲसिड चालू ठेवा. लोहाचे सिरप मात्र फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासल्याशिवाय देऊ नका. हिमोग्लोबिन ८ आहे एवढ्याच कारणाने रक्त चढवू नका, कारण या मुलांचे नेहमीचे हिमोग्लोबिन ७ ते ९ च्या दरम्यानच असते. उन्हाळ्यात पाणी भरपूर पाजा आणि थंडीत, पावसात बाळाला उबदार ठेवा. दोन वर्षांनंतर वर्षातून एकदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी व्हावी, कारण पक्षाघाताचा धोका तीत आधी कळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करून ठेवा.

पुढच्या मुलाबद्दल विचारताना तुम्ही ‘माझ्यामुळे झाले असे घरात म्हणतात’ असे एक वाक्य लिहिले आहे. ताई, एसएस मूल जन्माला यायला दोन्हीकडून एकेक जनुक यावेच लागते. वडिलांकडून आलेला आणि तुमच्याकडून आलेला वाटा अगदी समान आहे, आणि वाहक असणे हा कोणाचा दोष नाही. तुम्ही दोघेही वाहक म्हणून निरोगी आहात, तुम्हाला कोणत्याही औषधाची गरज नाही. हा आजार एका जातीचा किंवा फक्त आदिवासींचा आहे, असेही कोणी म्हटले तर ते खरे नाही. विदर्भात तो अनेक समाजांत आहे.

प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण सामान्य असण्याची २५ टक्के असते. पहिले बाळ एसएस झाले म्हणून पुढच्या वेळचा धोका कमी होत नाही आणि वाढतही नाही. ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा छोटा नमुना घेऊन गर्भाची डीएनए तपासणी करता येते, आणि १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी स्पष्टपणे मान्य आहे. नमुना घेताना गर्भपाताचा अल्पसा धोका असतो. अहवालानंतर काय करायचे हा निर्णय तुम्हा दोघांचा असतो. काही जोडपी गर्भारपण पुढे नेतात आणि बाळाला जन्मापासून उपचार मिळतील अशी तयारी करतात, काही जोडपी वेगळा निर्णय घेतात, आणि मी दोन्हींना मदत केली आहे. तपासणीला वेळ लागतो, म्हणून गर्भधारणेच्या आधीच तुम्हा दोघांची डीएनए तपासणी करून ठेवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मुंबईतील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या विषयावर दीर्घकाळ काम चालते आणि तिचे केंद्र चंद्रपुरातच आहे. जिल्हा रुग्णालयाच्या सिकलसेल समुपदेशकाकडून तिथे जाण्याची चिठ्ठी घ्या. पाळी चुकल्याचे कळताच, दहावा आठवडा उलटण्यापूर्वी त्यांना पुन्हा भेटा आणि त्या दिवसापासून मुलीच्या औषधाची कॅप्सूल तुम्ही स्वतः उघडू नका.